तात, मशीन आणि अकोल्याचा नामदेव

टेनिसच्या रॅकेटला जाळी असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती जाळी कोणीतरी भरतो, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसतं. मी तो कोणीतरी. वऱ्हाड जेव्हा सी. पी. अँड बेरारात होता, तेव्हा उमरावतीच्या, म्हणजे आताच्या अमरावतीच्या, कॅम्पातल्या क्लबात साहेबांच्या, वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या रॅकेटींना तात भरण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. दिवाळी अंकाचे संपादक लिहा म्हणाले, तेव्हा ठरवलं होतं की फक्त स्वतःबद्दल लिहायचं. थोडं लिहिलं, वाचून पाहिलं, तर जिथे तिथे नामदेव. फाडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा नामदेव. शेवटी म्हटलं, असू द्या बापा, येऊ द्या त्याला.

मी त्याच्यावर जळायचो. अजूनही जळतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याची फसगत व्हायची नाही.

आधी धंद्याचं सांगतो. तात म्हणजे बकऱ्या-मेंढ्यांच्या आतड्याची, पीळ घालून वाळवलेली दोरी. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते त्याच जातीची, पण जास्त बारीक आणि सारखी. रॅकेटच्या लाकडी चौकटीला भोकं असतात. त्यातून आधी उभे पदर ओढायचे, मग त्यांच्यातून वर-खाली करत आडवे. ओवणं कोणालाही जमेल. अवघड काम ताणायचं. तातीचं टोक लाकडी दांडीला गुंडाळून अंगातली सगळी ताकद लावून ओढायचं, आणि ओढ तशीच धरून भोकात आरी खुपसायची, म्हणजे पुढचा पदर ओढेपर्यंत मागचा ढिला पडत नाही. एक घट्ट, एक सैल असं झालं की चेंडू भलतीकडे जातो. सगळेच फार ओढले की चौकट वाकडी होते. मग किती ओढायचं हे कळणार कशाने? कानाने. नखाने पदर छेडायचा आणि ऐकायचं. एवढीच ती विद्या, पण ती कानात शिरायला वर्षं लागतात.

शहराच्या कडेला आमचा फुलांचा मळा होता. शेवंती, झेंडू, मोगरा. घरातले लहानथोर सगळे हार गुंफायचे. हार करताना दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे, ही आमच्या घरची रीत. मी डावखुरा, म्हणून माझा दोरा डाव्या अंगठ्यात. एकदा कोण्या साहेबाच्या निरोपाला क्लबात हार लागले, म्हणून मी तिथल्या व्हरांड्यात बसून ते करत होतो. कोपऱ्यात करीमउस्ताद रॅकेट भरत बसले होते. मूळचे पिंजारी, धनुकलीची तात बांधता बांधता साहेबांच्या रॅकेटींपर्यंत पोचलेले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलंच नाही, पायाकडे पाहिलं. म्हणाले, "बेटा, ये अंगूठा मेरे को दे दे."

दिला. दुसऱ्या दिवसापासून फुलांच्या दोऱ्याऐवजी अंगठ्यात तातीचा गुंडा आला. आतड्याचं काम म्हटल्यावर आईने कपाळाला हात लावला. संध्याकाळी घरी आलो की विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय ती ओट्यावर चढू द्यायची नाही, आणि तिने गुंफलेल्या हाराला तर त्यानंतर कधीच हात लावू दिला नाही. मला त्याचं वाईट वाटायचं. पण उस्तादांचा मी एकुलता एक चेला होतो, आणि त्या सुखापुढे बाकी सगळं मी सोसलं.

मग नामदेव आला. बार्शीटाकळीकडच्या काळ्या जमिनीवाल्या कास्तकाराचा हा मुलगा शेती भावांवर सोपवून क्लबात कोर्टावर रोलर ओढायला लागला होता. उंचापुरा, अंगाने दणकट, तोंडाने अबोल. दुपारी रोलर सावलीत लावून आमच्याजवळ येऊन बसायचा आणि बघत राहायचा. एक दिवस उस्तादांनी त्याच्या हातात दांडी दिली. अंगठ्याबिंगठ्याचं त्याला काही जमलं नाही. तातीचा गुंडा तो व्हरांड्याच्या खांबाला बांधायचा. मला हसू आलं होतं. ते हसू फार टिकलं नाही.

उस्तादांची काम तपासायची एक पद्धत होती. भरलेली रॅकेट कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि मधला पदर छेडायचा. माझी रॅकेट असली की म्हणायचे, "ठीक है." नामदेवाची पहिलीच धड भरलेली रॅकेट त्यांनी अशी छेडली, पुन्हा छेडली, आणि डोळे न उघडताच म्हणाले, "हां. बोलती है."

मी इतक्या दिवसांत तो शब्द ऐकला नव्हता. त्या दिवसापासून मला तो हवा होता आणि दुसरं काही नको होतं. मी जीव तोडून रॅकेटी भरल्या. "ठीक है." चौकट धुऊनपुसून, पॉलिश मारून नेली. "ठीक है, ठीक है." उस्ताद गेले तोवर माझ्या पदरात 'ठीक है'च पडलं. मयतीला नामदेव माझ्या शेजारी ढसाढसा रडत होता. मलाही रडू आलं, पण माझ्या रडण्यात थोडा राग होता.

उस्तादांच्या मागे क्लबाचं काम माझ्याकडे आलं आणि नामदेवाने अकोल्याला आपलं दुकान थाटलं. बला टळली असं मला वाटलं. पण अकोला पडलं रेल्वेच्या मोठ्या लाइनीवर. मुंबई-नागपूरची येणारी-जाणारी मंडळी तिथे उतरायची, खेळायची, आणि इथे येऊन मला सांगायची. एक जज्जसाहेब होते. रॅकेट टाकताना नेमाने म्हणायचे, "जरा त्या अकोलेवाल्यासारखी होऊ दे." मी तोंड गोड करून हो म्हणायचो आणि आत जाऊन आरी जरा जोरातच खुपसायचो. परतवाड्याहून जंगलखात्याचे एक साहेब यायचे. त्यांच्या शिकारी कुत्र्याला तातीची चटक लागली होती. दर मोसमात तो रॅकेटीची सगळी जाळी चावून खायचा आणि साहेब नुसती चौकट घेऊन यायचे, वर कुत्र्याचं कौतुकही करायचे. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत मला तो कुत्रा आवडायचा. त्याने कधी नामदेवाचं नाव काढलं नाही.

आता मशिनीकडे येतो. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. विलायतेत रॅकेट भरायची मशीन निघाली, आणि एका व्यापाऱ्याने ती नमुना म्हणून उमरावतीला पाठवली. उंच माणसाच्या कंबरेएवढा लोखंडी स्टँड, वर रॅकेट आवळून बसवायची गोल बैठक, बाजूला तात पकडणारा चिमटा आणि तो ओढायचा दांडा. किती ताण बसला ते दाखवायला एक काटा. उमरावती आणि अकोला, दोन्ही क्लबांनी मिळून एकच घ्यावी असं ठरत होतं. आमचे सेक्रेटरी एक वकीलसाहेब होते, सरळ माणूस. त्यांनी मला बोलावलं आणि अकोल्याहून नामदेवालाही.

"विकणारा चांगलंच सांगणार," ते म्हणाले. "तुम्ही रोज हात घालणारे. दोघंही आठवडाभर चालवून बघा आणि वापरायला कशी आहे ते मला सांगा. तुम्ही म्हणाल तर ठेवू, नाहीतर परत."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा मी कोणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. माझ्या डाव्या हाताची बोटं आखडायला लागली होती. सकाळी मूठ वळायची नाही. दांडीवर पकड बसेना, शेवटचे पदर ढिले पडत. म्हणजे ती मशीन मला हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्याशिवाय माझा धंदा बसणार होता. पण हे नामदेवासमोर म्हणायचं? उस्तादांचा थोरला चेला आता हाताने भरू शकत नाही, हे त्याच्या कानावर घालायचं? त्यापेक्षा मी जीभ तोडून घेतली असती.

आठवड्याच्या शेवटी वकीलसाहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. नामदेव खांबाला टेकून उभा होता. मी सुरू केलं.

"साहेब, हे उभ्यानं चालवा लागते. मी जन्मात उभा राहून काम केलं नाई. रॅकेट मांडीवर पाह्यजे, इथं ते छातीवर येते. अन् दांडा उजव्या अंगाले. मी डावखुरा. मी का पाठीमागून हात घालू?"

"बरं. आणखी?"

"आनखी म्हंजे तो दांडा ओढला का कटकट कटकट करते. आमी ओढता ओढता आयकतो. तिच्या कटकटीत पदर का बोलते ते समजतच नाई. काटा इंग्रजी आकडा दाखवते, तो मले वाचता येत नाई. अन् पायाले तं कामच नाई! तातीचा गुंडा मी अंगठ्यात धरतो. इथं तो खाली लोळते अन् त्याले गाठी पडते."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. नावं ठेवायला बसलो होतो हे खरं, पण ठेवलेलं प्रत्येक नाव खरं होतं, आणि आजही कोणी ती मशीन पुढ्यात ठेवली तर हेच सांगेन.

नामदेव खांबापासून पुढे आला. "अंगठ्याचं का म्हनलं तू, गोविंदभाऊ?"

"आयकाले येत नाई का? गुंडा अंगठ्यात ऱ्हायते म्हनलं."

तो चक्क खाली वाकला आणि माझ्या पायाकडे बघत बसला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, थट्टा करून राहिलास काय, थांब. मी खाली बैठक मारली, एक चौकट मांडीवर घेतली, दांडीला तात गुंडाळली आणि वकीलसाहेबांना म्हणालो, "हातानं कसं सफाईनं होते ते पाहा." दोनतीन पदर झकास ओढले. पुढच्याला बोटांनी दगा दिला. दांडी सुटता सुटता मी ती पटकन उजव्या हातात घेतली आणि वर पाहिलं. वकीलसाहेब पान लावत होते. त्यांना काही दिसलं नव्हतं.

नंतर नामदेव मशिनीशी उभा राहिला. त्याच्या उंचीला ती अशी बसली की जणू त्याच्याच अंगाचं माप घेऊन आली होती. एकापाठोपाठ एक पदर सारखे ओढत गेला. कटकट झाली, पण त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. वकीलसाहेबांनी विचारलं, तर एवढंच म्हणाला, "काम देईल, साहेब. मले घेऊन जाऊ द्या." मग त्यांना बाजूला नेऊन हळू काहीतरी बोलला. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली.

"गोविंदा नको म्हणतो, नामदेव हो म्हणतो," ते येऊन म्हणाले. "मग सध्या अकोल्यालाच जाऊ दे."

मशीन बैलगाडीत चढली तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. नको नको म्हटलेली वस्तू डोळ्यांदेखत गेली आणि माझी जेवणावरची वासनाच उडाली. घरी बायकोने विचारलं, "काऊन जेवून नाई राह्यले?"

"ते मशीन लय वाईट हाये."

"मंग गेलं तं बरं झालं न!"

मी ताट बाजूला सारलं आणि उठलो.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. उमरावतीच्या रॅकेटी टोपलीत बांधून रेल्वेने अकोल्याला जाऊ लागल्या आणि भरून परत येऊ लागल्या. खेळणारे एकमेकांना दाखवायचे, "मशीनची आहे!" मी एखादी हातात घ्यायचो, कोणी बघत नाही असं पाहून छेडायचो. बोलायची. अगदी उस्तादांनी मान डोलवावी अशी बोलायची. मी सगळ्यांना सांगत सुटलो, त्यात नामदेवाचं काय आहे, मशीन भरते, तो नुसता दांडा ओढतो. असं म्हटलं की घटकाभर बरं वाटायचं. माझ्याकडे उरल्या मोडक्या चौकटी आणि तो परतवाड्याचा कुत्रा.

अशात अकोल्याचा एक खेळाडू कौतुकाने सांगू लागला, "नामदेव मोठा कल्पक माणूस हो! मशिनीचे पायच कापले त्याने. आता बसून चालवता येते. कटकटही बंद केली. कापसाच्या जिनातल्या मिस्त्रीला हाताशी धरून काय काय करतो!" क्लबातले सगळे वा वा करत होते. मी तिथेच उभा होतो. पाय कापले? कटकट बंद केली? अरे, ही नावं तर मी ठेवली होती! माझी खोड काढायची बुद्धी, माझा कान, माझं बूड, आणि शाबासकी त्याला. त्या रात्री मी ठरवलं की जाऊन तोंडावर विचारायचं.

बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला उतरलो. दुकान सापडायला वेळ लागला नाही, कोणीही दाखवत होतं. आत नामदेव भुईवर बसला होता. मांडीवर रॅकेट, तोंडात आरी, हातात आपली जुनी लाकडी दांडी, तातीचा गुंडा खांबाला बांधलेला. कोपऱ्यात काहीतरी गोणपाटाखाली झाकून ठेवलं होतं.

"मशीन बिघडली वाटते," मी म्हणालो. आवाजातला आनंद मला लपवता आला नाही.

"नाई." त्याने तोंडातली आरी काढली. "ये न, गोविंदभाऊ. बस."

त्याने गोणपाट ओढलं. मशिनीचा स्टँड गेला होता. बैठक एका रुंद सागवानी पाटावर बसवली होती, मांडीच्या उंचीला. मी मांडी घालून तिच्यापुढे बसलो, ते कुठे खोट काढता येते का हे बघायलाच. डावा पाय आपोआप पुढे सरकला आणि अंगठा पाटातल्या एका खाचेत जाऊन बसला. गुळगुळीत घासलेली खाच, तातीचा गुंडा धरायला नेमकी तिथे. मी खाली पाहिलं. मग बाजूला पाहिलं. दांडा डाव्या अंगाला होता. त्याला चिंध्या आणि वर कातडं गुंडाळून मनगटाएवढा जाड केला होता, म्हणजे मूठ वळली नाही तरी तळव्याने रेटता यावा. रेटला. कटकट झाली नाही. काट्यावर आकड्यांच्या जागी कुंकवाचं एक बोट होतं, काटा तिथे आला की ताण पुरा.

नामदेव उजव्या हाताचा माणूस. त्याच्या उंचीच्या माणसाला त्या पाटापुढे धड बसताही आलं नसतं.

"हे कोनासाठी केलं?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"त्या दिवशी तू दांडी उजव्या हातात घेतली. मी पाह्यलं." तो आपल्या रॅकेटकडे बघत बोलत होता. "वकीलसायबाले तवाच सांगतलं, मशीन गोविंदभाऊच्या मापाची करतो अन् वापस आनून देतो. पन त्याले म्हनू नका. तिथं ठेवली असती तं तू मले हात लावू देला असता का?"

दिला नसता. हे दोघांनाही माहीत होतं.

"अन् इतके दिवस ज्या रॅकेटी धाडून राह्यला, त्या?"

"त्या हातानंच भरल्या. मशीन तं मिस्त्रीकडं खोलून पडली होती. लोकं म्हने मशीनच्या हाये. मले कोनी इचारलंच नाई."

म्हणजे मी गावभर ज्याला मशिनीची करामत म्हणत हिंडलो, ती त्याच्या दोन हातांची होती. मला वाटलं उठावं आणि गाडी धरावी. पण पाय त्या खाचेत बसला होता आणि त्याला निघायचं नव्हतं. नामदेवाने एक रिकामी चौकट माझ्यापुढे सरकवली आणि चहा सांगायला बाहेर गेला.

दुपारभर मी ती रॅकेट भरली. बोटं दुखली नाहीत. प्रत्येक पदर छेडून, ऐकून पुढे गेलो; शेवटचा आडवा पदर पहिल्याइतकाच ताठ आला. गाठ मारली. नामदेवाने रॅकेट उचलली, कानाशी धरली, डोळे मिटले आणि मधला पदर छेडला. पुन्हा छेडला.

"बोलते," तो म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी अंगाचा भडका उडाला. ज्या शब्दासाठी इतकी वर्षं झुरलो तो मिळाला, आणि मिळाला कोणाच्या तोंडून? तो शब्द देण्याचा हक्क उस्तादांच्या मागे त्याला आहे, हेही मला त्याच क्षणी मान्य करावं लागलं. माणसाने हाताने सरस असावं, ते मी कसंबसं सोसलं होतं. मनानेही सरस असावं हा मला निव्वळ अन्याय वाटला.

"ठीक हाये," मी म्हणालो आणि रॅकेट त्याच्या हातून काढून घेतली. तो हसला. फार वर्षांनी मी त्याला हसताना पाहिलं.

संध्याकाळच्या गाडीत त्याने मशीन स्वतः उचलून चढवली, माझ्या बाकाखाली नीट सरकवली, वर गोणपाट घातलं. गाडी हलली तरी मी आभार मानले नाहीत. फलाट मागे गेला. बडनेऱ्याला गाडी बदलायला उतरलो. हमालाने मशीन डोक्यावर घेतली आणि वजनाने वाकत विचारलं, "लय जड हाये, बुवा. कोनाची हाये हे?"

माझी, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"नामदेवाची," मी म्हणालो.

नामदेव जाऊन आता बरीच वर्षं झाली. मशीन माझ्या घरी आहे, खाच झिजून खोल झाली आहे, माझ्या अंगठ्याशिवाय कोणाचाही पाय तिच्यात बसत नाही. तरी घरी येणारा कोणी विचारतो, ही कोणाची, आणि माझ्या तोंडून तेच नाव निघतं. दर वेळी चीड येते.